बाणाचे वजन कोण लिहून ठेवणार?

१/
धनुष्याविषयी समाजमाध्यमांवर पुष्कळ लिहिले जाते. ते कोणाचे होते, किती ताणाचे होते, त्यातून सुटलेला बाण किती दूर गेला, या कथा आपण आवडीने वाचतो. बाणाचे वजन किती होते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. माझे मत असे की, शिकारीच्या इतिहासात धनुष्यापेक्षा बाण अधिक बोलका साक्षीदार आहे. आणि बाणातही त्याचे एकूण वजन व त्याच्या पात्याचे वजन सर्वांत बोलके. ते आपण नोंदवले नाही, म्हणून एका मोठ्या ज्ञानपरंपरेवर ‘रानटी हत्यार’ असा शिक्का मारून आपण मोकळे झालो. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/
आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे, मग हत्यार बंदूक असो वा धनुष्य. माझ्या येवला तालुक्यात राजापूर-ममदापूरच्या माळरानावर काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि ते असायलाच हवे. पुढे जे लिहितो आहे ते इतिहास समजून घेण्यासाठी. शिकार कशी करावी हे शिकवणे हा या लेखनाचा हेतू नाही.

३/
प्रथम मापाचे पाहू. जगभरचे धनुर्धर बाणाचे वजन ‘ग्रेन’ या एककात मोजतात. ते परके वाटते, पण आपल्या घरात त्याचा एक नातलग आहे: तोळा. ब्रिटिश अमलात १८३३ मध्ये तोळ्याचे प्रमाण ठरले ते १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. बारा मासे म्हणजे एक तोळा, हे आजीला विचारले तरी कळेल. म्हणजे एक मासा सुमारे १५ ग्रेनचा. जिथे जर आणि रेशीम यांचा हिशोब वजनावर चालतो त्या पैठणीच्या गावात हे माप समजायला कठीण जाऊ नये. तेव्हा आपण बाण तोळ्यांत मोजू.

४/
समजा, एकच धनुष्य आहे आणि दोन बाण आहेत. एक दोन तोळ्यांचा (२३.३ ग्रॅम), दुसरा तीन तोळ्यांचा (३५ ग्रॅम). मध्यम ताणाच्या रिकर्व्ह धनुष्यातून, म्हणजे ज्याची टोके धनुर्धराच्या विरुद्ध दिशेला वळलेली असतात अशा धनुष्यातून, हलका बाण सेकंदाला ५७ मीटर वेगाने सुटतो असे धरू. जड बाण अर्थातच मंद, साधारण ४८ मीटरने. पाहणाऱ्याला हलका बाण सरस वाटेल. आता गणित करू.

५/
हलक्या बाणाची गतिज ऊर्जा येते ३७.९ जूल, जड बाणाची ४०.३ जूल. वेग कमी असूनही जड बाण थोडी अधिकच ऊर्जा घेऊन निघाला. कारण धनुष्य सोडल्यावर काही शक्ती धनुष्याचे हात आणि दोरी हलवण्यात खर्च होते. बाण जड असेल तर त्या शक्तीतला मोठा वाटा बाणाकडे जातो. उरलेली कमी शक्ती धनुष्यात थरथरते, म्हणून आवाजही कमी होतो. सावध जनावरासमोर आवाजाचे महत्त्व सांगायला नको.

६/
खरा फरक संवेगात आहे, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. हलक्या बाणाचा संवेग १.३३, जड बाणाचा १.६८, चतुर्थांशाहून अधिक वाढ. एखाद्या जनावराच्या कातडीत, स्नायूत, बरगड्यांमधून शिरताना बाण किती आत जाईल, याचा अंदाज घेताना अनुभवी लोक ऊर्जेइतकेच संवेगाकडेही पाहतात. बंदुकीची गोळी धक्का देऊन आणि ऊती फाडून मारते. बाण कापून मारतो. रक्तस्राव हे त्याचे काम. तो खोल गेला नाही तर जनावर मरत नाही, जखमी होऊन पळते आणि कुठेतरी दिवसभर तडफडते. शिकाऱ्याची मेहनत वाया जाते ती वेगळीच.

७/
मग सगळ्यांनीच जड बाण का वापरू नये? कारण जड बाण लवकर खाली येतो. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर २० मीटर अंतरात वरचा हलका बाण सरळ रेषेपासून ६० सेंटिमीटर खाली येतो, जड बाण ८५ सेंटिमीटर. ४० मीटरवर हेच आकडे सुमारे २.४ मीटर आणि ३.४ मीटर होतात. आता जनावर २५ मीटरवर आहे, पण शिकाऱ्याने ते २० मीटरवर आहे असे समजून नेम धरला. हलका बाण नेमापेक्षा १९ सेंटिमीटर खाली लागेल, जड बाण २७ सेंटिमीटर. हरणाच्या काळीज-फुप्फुसांची जागा वीतभराची. एवढ्या चुकीत ती हुकते.

८/
याचा अर्थ असा की, जड बाण निवडणारा माणूस एक अट स्वीकारतो: मला जनावराच्या अगदी जवळ जावे लागेल. वाऱ्याची दिशा, पाणवठ्याची वेळ, पाचोळ्यावर पाऊल कसे टाकावे, झुडपाआड किती वेळ निश्चल बसावे, हे सगळे ज्ञान त्या एका तोळ्याच्या फरकात दडलेले असते. म्हणूनच एखाद्या समाजाच्या बाणाचे वजन कळले, तर तो समाज रानात कसा वावरत होता याचा सुगावा लागतो. धनुष्याच्या लांबीवरून हे कळत नाही.

९/
आता पात्याकडे वळू. आजचे शिकारी पाते साधारण १२५ ते २०० ग्रेनचे, म्हणजे आठ ते तेरा मासे. रुंद पाते मोठी जखम करते, पण आत शिरताना अधिक अडते. अरुंद पाते खोल जाते, पण चीर लहान पडते. म्हणून कमी ताणाच्या धनुष्याला दोन धारांचे, टोकापासूनच कापत जाणारे पाते मानवते. तीन-चार धारांच्या पात्याला मागे अधिक जोर लागतो. शिवाय रुंद पाते हवेत पंखासारखे वागते आणि बाणाचे तोंड भरकटवते. त्याला सावरायला मागची पिसे मोठी लावावी लागतात.

१०/
पाते जड केले की दांडाही बदलावा लागतो. दोरी सुटताच बाणाचा दांडा क्षणभर वाकतो आणि मग सरळ होतो. टोकाला वजन वाढले तर तो अधिक वाकतो. दांडा पुरेसा ताठ नसेल तर बाण आडवातिडवा जातो. म्हणजे पाते, दांडा, पिसे आणि धनुष्याचा ताण ही चारही एकमेकांना बांधलेली आहेत. एक बदलले की उरलेली तीन पुन्हा जुळवावी लागतात. ज्याने कागद-पेन्सिल न वापरता ही जुळणी बांबू आणि लोखंडात साधली, त्याला अडाणी म्हणणे हे आपल्या अज्ञानाचे लक्षण आहे.

११/
ग्रंथांना याची जाण होती का? होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात बाणांचे प्रकार येतात आणि त्यांच्या अग्रांची तीन कामे सांगितली आहेत: छेदणे, भेदणे आणि आघात करणे. अग्रे लोखंडाची, हाडाची किंवा लाकडाची. चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरपद्धतीच्या धनुर्वेद प्रकरणात तर पात्यांची नावेच आहेत: आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत वगैरे. नावांवरूनच आकार डोळ्यांपुढे येतो: गाईची शेपटी, अर्धा चंद्र, सुईचे तोंड, वासराचा दात.

१२/
त्याच परंपरेत दांड्याचेही वर्गीकरण आहे. पुढे जाड तो स्त्री-बाण, मागे जाड तो पुरुष-बाण, सर्वत्र सारखा तो नपुंसक. पहिला दूर जाण्यासाठी, दुसरा कठीण वस्तू भेदण्यासाठी, तिसरा नेमबाजीच्या सरावासाठी. वजन दांड्यावर कुठे आहे याने बाणाचे काम बदलते, हा विचार यात स्पष्ट दिसतो.

१३/
पण येथे सावध राहायला हवे. ‘आधुनिक विज्ञान आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होते’ अशी आरोळी ठोकण्याचा मोह समाजमाध्यमांवर फार. हा ग्रंथ दांड्याच्या जाडीविषयी बोलतो, पात्याच्या वजनाविषयी नाही. आणि आजचे पुष्कळ शिकारी भेदनासाठी पुढे जड असलेलाच बाण पसंत करतात, म्हणजे निष्कर्ष ग्रंथापेक्षा वेगळा आहे. ग्रंथकार आपल्या काळातले प्रश्न आपल्या परीने सोडवत होते. त्यांचा आदर करायचा तर ते काय म्हणतात ते नेमके वाचावे. आपल्या सोयीचे त्यांच्या तोंडी घालू नये.

१४/
आणि ग्रंथ म्हणजे दरबार. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात मृगया हा राजाचा विनोद म्हणून येते. शिंग, लाकूड आणि स्नायू सरसाने एकत्र चिकटवून केलेली उलट्या वळणाची संयुक्त धनुष्येही बहुतांशी सैन्याची आणि श्रीमंतांची. दमट हवेत सरस मऊ पडतो, म्हणून त्यांना जपावे लागे. सह्याद्रीतील चार महिन्यांच्या पावसात असे धनुष्य रोज खांद्यावर टाकून फिरणे परवडणारे नव्हते. रानात पोट भरणाऱ्याने वेगळा मार्ग काढला.

१५/
तो मार्ग म्हणजे तीरकामठा. सातपुड्यातील आणि खानदेशातील भिल्लांचे धनुष्य बांबूचे. त्याची दोरीसुद्धा अनेकदा बांबूच्या सालीच्या लवचिक पट्टीची. पाऊस आला तरी ती फारशी सैल पडत नाही, तुटली तर रानातच दुसरी मिळते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज निरीक्षकांनी भिल्लांच्या भात्याची वर्णने लिहून ठेवली. त्यात एक बाण विलक्षण आहे: मासे मारण्याचा. त्याचे लांब टोक माशात रुतताच दांड्यापासून सुटते, पण दोरीने दांड्याला बांधलेले राहते. मासा खोल जातो आणि हलका दांडा पाण्यावर तरंगत त्याचा ठाव सांगतो.

१६/
या बाणात वजनाचा किती बारीक विचार आहे पाहा. टोक जड हवे, कारण पाणी हवेपेक्षा कितीतरी अधिक अडवते. दांडा मात्र तरंगण्याइतका हलका हवा. दोन्ही एकत्र असताना बाण सरळ जायला हवा आणि काम होताच ते वेगळे व्हायला हवेत. ही रचना ज्याने केली त्याचे नाव आपल्याला माहीत नाही. निरीक्षकांनी आकार लिहिला, लांबी लिहिली. वजन लिहिण्याचे कारण त्यांना दिसले नाही. त्यांच्या दृष्टीने ती एक कुतूहलाची वस्तू होती.

१७/
आता नाशिक जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. पश्चिमेला सुरगाणा, पेठ: डोंगर, दाट पाऊस, झाडी. पूर्वेला येवला, नांदगाव: पर्जन्यछायेचा प्रदेश, उघडे माळरान. झाडीत वीस पावलांवर जाता येते, तिथे जड बाण चालतो. माळावरचे काळवीट दुरूनच माणूस टिपते आणि सुटले की त्याला कोणी गाठू शकत नाही. नराचे वजन सुमारे ३५ ते ४० किलो, कातडी पातळ. त्याला मारायला फार जड बाण लागणारच नाही. पण त्याच्याजवळ पोहोचायचे कसे?

१८/
म्हणून माळरानावर धनुष्य मागे पडले आणि दुसरी तंत्रे पुढे आली. कोल्हापूरसारख्या संस्थानांनी काळविटांवर सोडायला चित्ते बाळगले. फासेपारध्यांनी शिकवलेल्या जनावराच्या आडोशाने पुढे सरकत फास मांडले. त्यांच्या नावातच फास आहे. पुढे साहेबांच्या रायफली आल्या. एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना दोन हत्यारे का, याचे उत्तर कोणत्याही जमातीच्या ‘स्वभावात’ नाही. ते जमिनीत, झाडीत आणि अंतरात आहे. बाणाच्या वजनाचा प्रश्न विचारला की हे उत्तर आपोआप हाती येते.

१९/
‘स्वभाव’ हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण त्यानेच सर्वांत मोठे नुकसान केले. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभारली. ज्या हातांची नेमबाजी कंपनी सरकारला भीतिदायक वाटत होती, तेच हात सरकारी बंदूक धरताच विश्वासू ठरले. पुढे १८७८ मध्ये दोन कायदे आले. शस्त्र कायद्याच्या व्याख्येत तोफा-बंदुकांच्या जोडीला धनुष्यबाणही ‘शस्त्र’ म्हणून नोंदले गेले. त्याच वर्षीच्या वन कायद्याने राखीव जंगलातील शिकार, मासेमारी आणि फास लावणे सरकारी नियमांच्या कक्षेत आणले.

२०/
परवाना घेऊन वाघ मारणारा साहेब ‘शिकारी’ झाला आणि घोरपडीवर बाण सोडणारा भिल्ल आरोपी. १८७१ पासून सुरू झालेल्या आणि १९११ च्या कायद्याने व्याप्ती वाढवलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी तर माणसाच्या जन्मालाच गुन्हा ठरवले. पारधी समाज त्यात भरडला गेला. १९५२ मध्ये या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. भाषेतून मात्र तो शिक्का अजून गेलेला नाही. एखाद्याच्या कौशल्याची नोंद पोलिसांच्या वहीत होते आणि इतिहासाच्या वहीत होत नाही, तेव्हा काय घडते याचे हे उदाहरण आहे.

२१/
दोन आक्षेप मला अपेक्षित आहेत. पहिला: वजन-मापे हा तंत्रज्ञांचा विषय, इतिहासाचा नव्हे. पण उत्खननात सापडलेले टोक बाणाचे की भाल्याचे, हे ठरवताना पुरातत्त्वज्ञ त्याचा आकार आणि वजनच पाहतात. दख्खनमध्ये सापडणारी सूक्ष्मास्त्रे, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या दगडांची इवलीशी पाती, दांड्याला बसवून वापरली जात असावीत हा तर्क त्यांच्या हलकेपणावरही उभा आहे. चार हजार वर्षांपूर्वीच्या टोकाला आपण काट्यावर ठेवतो, तर शंभर वर्षांपूर्वीच्या बाणाला का नाही?

२२/
दुसरा आक्षेप: काळवीट वाचवण्याच्या काळात शिकारीचे कौतुक कशाला? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. माझे उत्तर असे: कौतुक मारण्याचे नाही, निरीक्षणाचे आहे. जनावर कुठल्या वेळी पाण्यावर येते, वारा कुठून वाहतो, कळपातले कोणते जनावर आधी सावध होते, हे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्यांना संवर्धनाच्या कामातून बाहेर ठेवणे हा करंटेपणा आहे. ज्ञान तेच, त्याचे काम बदलता येते. माळरान राखायला त्याच डोळ्यांची गरज आहे.

२३/
धनुर्विद्या आज खेळ म्हणून बहरते आहे. सातारा जिल्ह्यातील प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह धनुष्य घेऊन उतरला, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने पाहिले. ऑलिंपिकचे लक्ष्य ७० मीटरवर असते. तिथे बाण बारीक, हलका आणि वेगवान लागतो, कारण त्याला कागदात शिरायचे असते. हे शिकारी बाणाच्या नेमके उलटे आहे. दोन्ही बाण आपापल्या कामाला अचूक आहेत. एकाला क्रीडाकौशल्य आणि दुसऱ्याला रानटीपणा म्हणणे, एवढेच चूक आहे.

२४/
आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्यापैकी कोणी सुरगाणा, पेठ, नंदुरबार, धडगाव भागातले असेल आणि घरात किंवा शेजारी जुना बाण असेल, तर मालकाची परवानगी घेऊन पाच नोंदी करा. एक, सोनाराच्या काट्यावर एकूण वजन. दोन, पाते सहज निघत असेल तर त्याचे वेगळे वजन. तीन, बाण बोटावर तोलून समतोलाचा बिंदू टोकापासून किती अंतरावर येतो. चार, दांडा, पाते, पिसे कशाची. पाच, आणि हे सर्वांत महत्त्वाचे: तो कोणत्या कामाचा, हे वापरणाऱ्याच्या शब्दांत, त्याच्या बोलीतील नावासह.

२५/
बाण विकत मागू नका, उचलून आणू नका, आणि सांगणाऱ्याला अडचण होईल असा तपशील किंवा छायाचित्र इथे टाकू नका. संग्रहालयात गेलात, तर तिथल्या धनुष्याबरोबर त्याचा बाण आहे का आणि त्याचे वजन नोंदले आहे का, हे नम्रपणे विचारा. दहा-वीस बाणांच्या अशा नोंदी जमल्या, तरी सातपुड्याचा बाण आणि सह्याद्रीचा बाण वेगळा होता का, माशाचा बाण पाखराच्या बाणापेक्षा किती जड होता, यावर पुराव्यानिशी बोलता येईल. काटा तुमच्या गावच्या सराफाकडे आहे. विचारण्यासारखी वृद्ध माणसेही अजून आहेत. त्यांना लवकर भेटा.